पुसावी तितकी लाल

अंकुश दरेकरांनी पुसलेली काच मळकी आहे असं यंत्राने जाहीर केलं, तेव्हा अभ्रक टॉवरखाली जमलेल्या मंडळींना आधी वाटलं, यंत्रच बिघडलं. कारण काच तर लखलखत होती. समोरच्या टेकडीवरची झाडं तिच्यात वेगवेगळी मोजता आली असती, आणि एक कबुतर खरीच टेकडी समजून तिच्यावर आपटता आपटता वाचलं होतं. तरी गाडीवरच्या पडद्यातला दिवा लाल तो लालच.

शेजारच्या अर्ध्या काचेच्या भिंतीचा दिवा हिरवा होता. ती अर्धी भिंत मोनालीने धुतली होती, आणि मोनाली म्हणजे अंकुशरावांची सून.

अंकुशराव दोरावरून नुकतेच उतरले होते. कमरेचा पट्टाही अजून सोडला नव्हता. त्यांनी मान वर करून काच पाहिली, मग पडदा पाहिला, मग पुन्हा काच पाहिली.

"ऱ्हायलं आसंल कुठंतरी," ते म्हणाले. "मॅडम, एक हात परत मारतो. चालंल ना?"

"चालेल की काका," यंत्रवाल्या कंपनीच्या इनामदार मॅडम म्हणाल्या. म्हणता म्हणता त्यांनी मोनालीकडे एक नजर टाकली.

मोनाली लांब काठीच्या गाडीपाशी उभी होती. लाल दिव्याचं कारण तिला ठाऊक होतं. एका वाक्याचं काम होतं. ते वाक्य तिच्या जिभेपर्यंत आलं आणि तिने ते गिळलं.

दरेकरांचा दोर सुनेच्या हाती कसा गेला, हे सांगितल्याशिवाय पुढची गोष्ट कळायची नाही. अंकुशरावांचा एकुलता एक मुलगा योगेश स्टुलावर उभा राहिला तरी त्याला गरगरायचं. बापाने एकदा हौसेने गच्चीच्या कठड्यापाशी नेलं, तर पठ्ठ्याने डोळे मिटून मारुतिस्तोत्र सुरू केलं. त्याने पुढे तळमजल्यावर मोबाईल दुरुस्तीचं दुकान टाकलं आणि सुखी झाला. मग नवी सून घरात आली. गच्चीवरच्या टाकीचा बिघडलेला वॉल्व्ह बघायला प्लंबर येईना, तेव्हा ती पदर खोचून सरळ टाकीवर चढली. सासऱ्याने ते खालून पाहिलं आणि त्यांचा चेहरा लॉटरी लागल्यासारखा झाला.

सासूबाईंनी, म्हणजे शोभाताईंनी, घर डोक्यावर घेतलं. "अहो, सुनेला दोराला टांगणार? लोक काय म्हणतील?"

"म्हणतील, दरेकराची सून वर हाय आन् आपण खाली हाय."

आणि त्यांनी तिला शिकवलं. पट्टा स्वतःच्या हाताने आवळून, गाठ दहादा ओढून बघून. बादलीत साबणाचे मोजके थेंब टाकायचे. लोकरी बोळ्याने काच भिजवायची आणि वायपरचं रबर वरून खाली नागमोडी ओढत न्यायचं, मध्येच हात उचलायचा नाही. कडा कोरड्या फडक्याने टिपायच्या. कोणाच्या खिडकीसमोर उतरण्याआधी चौकटीवर दोनदा टिचकी मारायची, म्हणजे आतलं माणूस सावध होतं. आणि काच पुरी झाली की कोपऱ्यावर तोंडाची वाफ सोडायची. वाफ कुठे न रेंगाळता सगळीकडे सारखी विरली की समजायचं, काच झाली. "काचंनं आपला श्वास परत दिला पायजे," असं ते म्हणायचे.

मोनाली तयार झाली, चांगलीच तयार झाली. पण इमारती-इमारतींतून तिचं नाव पडलं ते 'अंकुशरावांची सून'. तिने कितीही अवघड भिंत उतरून दाखवली तरी लोक म्हणायचे, "शिकवलंय कोणी बघा ना!" पहिली काही वर्षं तिला ते गोड वाटलं. नंतर वाटेनासं झालं.

तेवढ्यात काचाच बदलल्या. नव्या उंच इमारतींना जी काच बसू लागली ती आरपार दिसायची आणि वर उन्हातून वीजही करायची. आता काचेवरची धूळ म्हणजे नुसता गबाळेपणा राहिला नाही, विजेचा तोटा झाला. मग काच किती स्वच्छ आहे ते मोजणं आलं, मोजायला यंत्र आलं, आणि यंत्राबरोबर शून्यधार आली.

शून्यधारेमागचं विज्ञान तसं साधं. पाणी मुळात हावरं. जमिनीतून येताना वाटेतला चुना, क्षार, जे भेटेल ते पोटात घालून येतं. काचेवर पाणी वाळून जातं, पण त्याच्या पोटातलं मागे उरतं आणि पांढरे ठिपके पडतात. म्हणून तर ते वाळायच्या आत वायपरने ओढून काढावं लागतं. शून्यधारेच्या गाडीत पाण्याच्या पोटातलं सगळं आधीच काढून टाकतात. असं उपाशी पाणी काचेवर सोडलं की ते धूळ आणि काजळी ओढून घेतं आणि वाळताना मागे काहीही ठेवत नाही. पुसायला नको, वर जायला नको. गाडीवरून एक पोकळ काठी टप्प्याटप्प्याने विसाव्या मजल्यापर्यंत उभी राहते, तिच्या टोकाला ब्रश आणि धार. माणूस खाली जमिनीवर.

मोजायची रीतही याच पाण्यातून निघाली. निखळ पाण्यातून वीज जवळजवळ वाहत नाही. त्यात काही विरघळलं की वाहू लागते. म्हणून काठीच्या टोकाची छोटी वाटी काचेवरून ओघळलेलं शेवटचं पाणी झेलते, त्यातून वीज सोडते, आणि किती वाहिली त्यावरून काचेचा निर्मलांक सांगते. हिरवा म्हणजे स्वच्छ, लाल म्हणजे मळकी.

यात एक गोम होती. हाताने पुसलेल्या काचेवर साबणाचा एक अतिशय पातळ थर राहतो. तो डोळ्याला दिसत नाही, ऊन अडवत नाही, विजेत रतीभर फरक पाडत नाही. पण पाण्यात विरघळतो, आणि वाटीला काय, धूळ काय नि साबण काय, सगळं सारखंच. शून्यधारेच्या प्रशिक्षणात पहिल्याच दिवशी हे सांगतात: साबणाने पुसत आलेली काच आधी नुसत्या शून्यजलाने, म्हणजे या उपाशी पाण्याने, पुन्हा पुन्हा धुऊन काढा, मगच माप लावा. मोनालीने आपली अर्धी भिंत आठवडाभर आधीपासून तशी धुऊन ठेवली होती.

अभ्रक टॉवरच्या जुन्या कमिटीचा अंकुशरावांवर जीव होता. कंपनीचा आग्रह शून्यधारेचा होता. शेवटी ठरलं, अर्धी भिंत हाताने, अर्धी काठीने. ज्याचा निर्मलांक चांगला त्याचं काम. कंपनीने मोनालीला सांगून ठेवलं होतं की टॉवर मिळाला तर या भागातल्या सगळ्या गाड्या तिच्या हाताखाली येतील. अंकुशरावांना हे कळलं तेव्हा ते खो खो हसले होते. "सुनेशी कुस्ती! होऊन जाऊ दे."

आणि आदल्या संध्याकाळी, जेवणं झाल्यावर, त्यांनी नवीन रबर वायपरला बसवता बसवता विचारलं होतं, "मोना, त्या मापासाठी काई येगळं करावं लागतं का गं? मला त्यातलं कळत न्हाय. काई आसंल तर सांग."

मोनाली भांडी विसळत होती. तिची पाठ त्यांच्याकडे होती. "नाही मामा," ती म्हणाली. "तुम्ही नेहमीसारखंच करा."

बोलून झाल्यावर तिने स्वतःची समजूत घातली. मामांचं वय झालं. त्यांचे गुडघे कुरकुरतात हे त्यांना सोडून सगळ्यांना माहीत आहे. हरले तर उतरतील, उतरले तर हातीपायी धड राहतील. हे सगळं खरं होतं. पण ती बोलली होती ती त्यासाठी नव्हे. तिला एकदा, फक्त एकदा, कुणाची सून न होता जिंकायचं होतं.

तर अंकुशराव पुन्हा वर गेले. खाली लोक वाढले. ते फळीवर बसून प्रत्येक काच पहिल्यापासून पुसत आले. चौकटीवर टिचक्या मारत, बोळा फिरवत, रबर ओढत, कोपऱ्यावर वाफ सोडत. खालून त्यांचं टक्कल आणि हलणारा कोपर तेवढा दिसत होता. उतरले. मोनालीने काठी वर नेली आणि माप घेतलं.

लाल. आणि आकडा मघापेक्षा वाईट.

"आँ?" अंकुशराव म्हणाले. मग जरा ओशाळून, "मघाशी साबण कमी पडला आसंल." त्यांनी बादलीत आणखी साबण घातला. फेस वर आला.

मोनालीचे कान तापले. आता बोल, ती स्वतःला म्हणाली. आत्ता. मामा, साबण नको, नुसतं पाणी घ्या. तिने इनामदार मॅडमकडे पाहिलं. मॅडम आपला फोन बघत होत्या. त्यांनाही ठाऊक होतं. दोघी सारख्याच गप्प होत्या, आणि त्या गप्प बसण्यात मोनालीला आधार वाटला याचीच तिला पुढे सगळ्यात जास्त लाज वाटली.

म्हातारा तिसऱ्यांदा वर गेला. आता तो काच पुसत नव्हता, डाग शोधत होता. नाक काचेला लावून, एका बाजूने बघून, दुसऱ्या बाजूने बघून, नसलेला डाग नखाने खरवडून. कोणीतरी खाली हसलं. कोणीतरी व्हिडिओ काढू लागलं. कुणी म्हणालं, "काका, चष्मा बदला!" आणि मग बरेच जण हसले. जितकी पुसावी तितकी काच लाल होत होती, आणि ती लाल करणारा माणूस एवढ्या मन लावून काम करत होता की मोनालीला वर बघवेना. ती काठीच्या चाकाकडे बघत राहिली.

शेवटी ते उतरले, पट्टा सोडला, घडी घातली. मोनालीच्या जवळ आले. तिला वाटलं, आता विचारणार.

"मोना," ते हळूच म्हणाले, "तुझ्याखाली आता मानसं येतील. म्हणतील, हिच्या सासऱ्याला काच पुसता येत न्हाय. माझ्यामुळं तुला खाली बघायला लागलं. डोळं गेलं माझं, दुसरं काय."

त्यानंतर मोनाली 'दरेकर मॅडम' झाली. तिच्या हाताखाली गाड्या आल्या, माणसं आली. टॉवरच्या विजेचे आकडेही आले: हाताने पुसलेल्या अर्ध्या भिंतीने त्या आठवड्यात तेवढीच वीज दिली होती जेवढी तिच्या भिंतीने. इनामदार मॅडम म्हणाल्या, "माप खोटं नाही मोनाली. माप साबण मोजतं. ते सांगत बसणं आपलं काम नाही." मोनालीने मान हलवली. तिला आता मान हलवायची सवय झाली होती.

अंकुशरावांनी दोर माळ्यावर टाकला. घरी ते डोळ्यांचंच बोलत राहिले. योगेश म्हणाला, "एकदा दाखवून तरी आण." आणि मोनाली त्यांना डॉक्टरकडे घेऊन गेली. खरं सांगण्यापेक्षा ते सोपं होतं. तिने त्यांचा हात धरून जिना चढवला, त्यांच्या डोळ्यांत थेंब घातले, बाकावर त्यांच्याशेजारी बसून राहिली. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, डोळे उत्तम आहेत, तरुणाला लाजवतील असे.

तिला वाटलं, ते खूश होतील. परतल्यावर रिक्षातून उतरताना ते म्हणाले, "म्हंजी हातच गेला."

त्याच सुमारास बाजारात घरगुती माप आलं, पेनाएवढी कांडी. पाण्यात बुडवायची, की दिवा लागतो. कंपनीने सगळ्या कामगारांना एकेक भेट दिली. लोक वेड लागल्यासारखे जिथे तिथे कांड्या बुडवू लागले. पाहुण्याच्या घरी पाण्याचा पेला हातात आला की आधी कांडी. एका लग्नात मुलाकडच्यांनी पंगतीच्या ताटांना कांडी लावल्यावरून बोलाचाली झाली. शोभाताईंनी मात्र ती कांडी पहिल्याच दिवशी ओट्यावरून भिरकावली. "इतकी वर्षं माझ्या हातचं खाऊन मेलात का कोणी?"

अंकुशरावांनी ती उचलून पुसून ठेवली.

रोज सकाळचा चहा त्यांच्या हातचा असायचा, ही घरातली जुनी रीत. आता ते कप विसळायचे, त्यात थोडं पाणी घालून कांडी बुडवायचे आणि मोनालीपुढे धरायचे. "बघ बरं, जमलंय का." बोअरच्या पाण्यात कांडी लाल होणारच होती. ती कुणाच्याही हातून लालच झाली असती. ते पुन्हा घासायचे. "न्हाय जमलं," असं स्वतःशी म्हणायचे. मोनाली "राहू द्या मामा, चालतंय" म्हणायची, आणि त्या 'चालतंय'ने ते आणखी खचायचे, कारण त्यांना वाटायचं, सून सांभाळून घेते आहे.

एखादी गोष्ट वेळेवर सांगायची राहून गेली, की ती सांगणं दिवसागणिक महाग होत जातं. पहिल्या दिवशी ती म्हणू शकली असती, विसरले. नंतर तेही म्हणता येईना.

एके सकाळी कप देताना त्यांची बोटं तिच्या बोटांना लागली. पायरीच्या दगडासारखी खरखरीत. तिने त्यांचा हात उलटा करून पाहिला. बोटांच्या पेरांना भेगा पडल्या होत्या, त्यातून रक्त येऊन सुकलं होतं. इतका साबण, इतकं घासणं. ज्या हातांनी तिचा पट्टा आवळून गाठ दहादा तपासली होती ते हात.

"मामा, चहा राहू द्या," ती म्हणाली. "चला माझ्याबरोबर. एक काच पुसायची आहे."

"मी? कशाला हसं करतीस माझं?"

"कोणी नाही तिथे. चला."

अभ्रक टॉवरच्या तळमजल्याला मोठी काच होती, तीही वीज करणारीच; पण ती वॉचमन अजून साबणानेच पुसायचा. मोनालीने कोरा बोळा काढला, कोरं रबर काढलं, बादलीत गाडीतलं शून्यजल घेतलं. अंकुशरावांचा हात सवयीने साबणाच्या बाटलीकडे गेला. तिने बाटली मागे घेतली.

"साबण नको. नुसतं पाणी."

त्यांनी पुसली. माप लाल आलं. त्यांनी मान खाली घातली. "अजून," ती म्हणाली. त्यांनी पुन्हा भिजवली, पुन्हा ओढली, आणि हाताला ताल सापडला. रबर वरून खाली नागमोडी, मध्ये न उचलता. आकडा उतरत गेला. जुना साबण सुटत होता. शेवटी त्यांनी कोपऱ्यावर वाफ सोडली, वाफ सारखी विरली, आणि मोनालीने वाटी लावली.

हिरवा.

अंकुशरावांनी वॉचमनला हाक मारली. "ओ, या हिकडं! बघा, हिरवी आली!" वॉचमनला काही कळलं नाही, पण तोही हसला. त्यांनी शोभाताईंना फोन लावला. "अगं, आली! हाताची आली!" फोन ठेवून ते काचेसमोर उभे राहिले, आणि हळूहळू त्यांच्या ध्यानात येत गेलं.

"म्हंजी साबणच व्हता त्यो."

"हो."

"काच चांगलीच व्हती आपली."

"चांगलीच होती, मामा."

ते हसले, मोकळे, पूर्वीसारखे. "आन् मी येडा, वरनं आनखी साबण वततोय! जितकं पुसतोय तितकं..." त्यांनी कपाळावर हात मारला. मग तिच्या चेहऱ्याकडे पाहून त्यांचा आवाज मऊ झाला. "आता तू कशाला तोंड पाडतीस? तुला तरी तवा कुठनं ठावं आसणार? तू बी नवीनच की."

किती सहज त्यांनी वाट करून दिली होती. नुसतं 'हो' म्हणायचं होतं. मान हलवायची तर तिला सवयच होती.

"ठाऊक होतं," मोनाली म्हणाली.

"आँ?"

"आधीपासून. तुम्ही त्या संध्याकाळी विचारलंत, तेव्हाही ठाऊक होतं. मला जिंकायचं होतं."

ते ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी वायपर बादलीत ठेवला. फडक्याने एकेक बोट पुसलं, भेगांवरून जपून. मग त्यांनी विचारलं, आणि खरोखरच कळत नसल्यासारखं विचारलं.

"मंग डोळ्याच्या डॉक्टरकडं कशापायी न्हेलंस मला?"

मोनाली बादलीतलं पाणी ओतायला वाकली. ते तिच्या पुढे घराकडे चालू लागले.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा झाला तो त्यांनीच केला. कप नळाखाली विसळले, एकदाच. शोभाताईंना दिला, योगेशला दिला, स्वतःचा घेतला. कांडी कोणालाच लावली नाही. मोनालीचा कप त्यांनी इतरांसारखाच भरून तिच्यापुढे ठेवला, आणि त्याच्याशेजारी ती कांडी ठेवली.

"तुझा तू बघून घे," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता.

तिने कांडीला हात लावला नाही. कपालाही लावता येईना. चहावर साय धरेपर्यंत ती तशीच बसून राहिली.